भिशीची चिठ्ठी आणि काचेवरचा टॅग

भिशीची चिठ्ठी काढताना आपण किती काळजी घेतो बघा. सगळ्या चिठ्ठ्या एकाच मापाच्या, घड्या सारख्या, डबा चांगला खळखळून हलवायचा आणि मग एखाद्या लहान पोराला हात घालायला सांगायचं. डबा न हलवता काढली, तर शेवटी टाकलेली चिठ्ठीच वर येणार, आणि हे ज्या बाईच्या ध्यानात येईल तिला भिशी कधी लागणार तेही ठाऊक होईल. आज मी ज्या चिपबद्दल बोलणार आहे, तिच्या पोटातही असाच एक डबा असतो.

आंब्याच्या दिवसांत आपल्या पेट्या ज्या टेम्पोतून वाशीला जातात, त्याच्या काचेवर आतल्या बाजूने फास्टॅग चिकटवलेला असतो. फेब्रुवारी 2021 पासून टोलनाक्यावर तो सक्तीचा झाला. त्या टॅगमध्ये सेल नाही, बॅटरी नाही. नाक्यावरचं यंत्र रेडिओलहरी सोडतं, त्या लहरींतूनच टॅगला क्षणभर वीज मिळते आणि तो आपला नंबर सांगतो. तुम्ही आत्ता माझा आवाज ऐकताय तोही लहरींवरूनच, फक्त त्या लहरी वेगळ्या मापाच्या. मुलीच्या हॉस्टेलचं दार उघडणारं कार्ड, मेट्रोचं कार्ड, ही याच घराण्यातली.

आता या कार्डाला डबा कशाला लागतो? समजा, दारावरचा राखणदार रोज एकच प्रश्न विचारतो आणि तुम्ही एकच उत्तर देता. मागे उभ्या असलेल्याने ते ऐकलं की उद्या तोही आत जाईल. म्हणून राखणदाराने दरवेळी नवा प्रश्न विचारायला हवा. कार्ड आणि यंत्र एकमेकांना असेच प्रश्न विचारतात, आणि तो प्रश्न म्हणजे एक आकडा असतो. तो कुणाला आधी ओळखता येता कामा नये. तुमच्या मोबाईलवर येणारा ओटीपी असाच आकडा असतो, पण तो तिकडे मोठ्या कॉम्प्युटरवर तयार होतो. इथे तेच काम तांदळाच्या दाण्याहून लहान, स्वस्तात बनवलेल्या, उसन्या विजेवर चालणाऱ्या चिपला करायचं असतं. काटकसर होते ती इथेच.

ही काटकसर किती महागात पडली ते ऐका. नेदरलँड्समधल्या एनएक्सपी कंपनीची मायफेअर क्लासिक नावाची चिप जगभर शंभर कोटींहून अधिक कार्डांत गेली होती. लंडनच्या बस-रेल्वेच्या कार्डातही तीच होती. डिसेंबर 2007 मध्ये कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लोट्झ या दोघांनी बर्लिनच्या एका परिषदेत सांगितलं, की आम्ही चिपचे थर एकेक करून घासले, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढले आणि आतली रचना वाचली. तेव्हा कळलं की डब्यात चिठ्ठ्या होत्या जेमतेम 65,535. वीज मिळाली की चिप दरवेळी पहिल्याच चिठ्ठीपासून सुरुवात करायची, आणि सुमारे 0.6 सेकंदात सगळी रांग संपून पुन्हा तीच रांग लागायची. म्हणजे डबा हलतच नव्हता! वीज दिल्यापासून अमुक वेळाने विचारलं, तर तोच आकडा हमखास हाती यायचा. कुलपातही आणखी दोष होते, ते नायमेखेनच्या रॅडबाऊड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवले. ते छापू नये म्हणून कंपनी कोर्टात गेली. जुलै 2008 मध्ये कोर्टाने छापायला मुभा दिली. नुकसान लेखामुळे नाही, चिपमधल्या दोषामुळे आहे, असं म्हटलं. मला तो निकाल पटतो. कुलूप कच्चं आहे हे चोराला कळलेलं असतंच, ते घरमालकिणीलाही कळायला हवं.

मग आपल्या फास्टॅगचं काय? जून 2022 मध्ये एक व्हिडिओ गावोगाव फिरला होता: गाडीची काच पुसणारा मुलगा, हातात घड्याळ, आणि म्हणे घड्याळ फिरवून तो फास्टॅगमधले पैसे काढतो. तो खोटा होता, हे तेव्हाच सरकारकडून आणि एनपीसीआयकडून जाहीर झालं. एक तर पैसे देण्याचं घड्याळ चालतं चार बोटांच्या अंतरावर आणि वेगळ्या लहरींवर. फास्टॅगच्या लहरी त्याला ऐकूच येत नाहीत. दुसरं, टॅगमध्ये पैसे नसतातच, असतो नंबर. पैसे बँकेच्या खात्यात, आणि ते नोंदणी झालेल्या टोलनाक्यासारख्या ठिकाणीच जमा होतात, कुणा माणसाच्या खात्यात नाही. टॅगचा डबा कच्चा असला तरी पुढे बँकेचं दार बंद आहे. जुन्या कार्डांची गोष्ट वेगळी होती, तिथे पैशाची नोंद कार्डावरच असायची.

आपल्याकडे लुबाडणूक होते ती चिप फोडून नव्हे. फोन येतो, "तुमच्या फास्टॅगचं केवायसी संपलंय, लिंक दाबा, ओटीपी सांगा." टेम्पोवाल्या भावोजींना हे आज जेवताना सांगा. फास्टॅगची तक्रार 1033 वर करायची. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन, उद्यावर ढकलायचं नाही.

आणि मुलीच्या हॉस्टेलचं कार्ड हरवलं, तर नुसतं नवं घेऊन थांबू नका. जुनं बंद केलंत का, हे ऑफिसात विचारायला सांगा. कार्ड मायफेअर क्लासिक आहे का, तेही विचारू दे. आपल्या पोरी विचारतात तेव्हा ऑफिसातली माणसं जरा सरळ बसतात.