रुग्णालयाची रात्र



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक मला दिली, तेव्हा वसंतातल्या संध्याकाळी रुग्णालयाची गोष्ट काढावी की नाही, असा विचार माझ्या मनात आला. पण वसंत म्हणजे आमच्या कोकणात हापूसचा हंगाम. आपल्या घरी आंब्याची पेटी येते, त्या दिवसांत आमच्याकडे कोणी ना कोणी झेला हातात घेऊन कलमावर चढलेला असतो, आणि दरवर्षी कोणी ना कोणी पडतो. तेव्हा विषय ऋतूला सोडून नाही, असे मी मनाशी ठरवले.

मी डॉक्टर नव्हे. सावंतवाडी तालुक्यातल्या एका खेड्यात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. या प्रश्नाकडे मी वळलो तो पुस्तके वाचून नव्हे. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारचे एक गृहस्थ संध्याकाळी कलमावरून पडले. वरून जखम दिसेना. तासाभराने पोट दुखू लागले, अंगाला घाम सुटला. आम्ही त्यांना जवळच्या सरकारी रुग्णालयात नेले. तेथला तरुण वैद्यकीय अधिकारी मराठवाड्यातून आलेला होता. त्याने पोटाला हात लावताच ओळखले, की आत रक्त जमते आहे. बहुधा पानथरी फुटली असावी. पोट उघडावे लागेल, तेही लगेच. शस्त्रक्रियागृह होते. सर्जन गावातच राहत होते, तेही निरोप मिळताच आले. पण भूल देणारा माणूस नव्हता. भूलतज्ज्ञ कंत्राटावर होते आणि आठवड्यातून दोन दिवस, दिवसा येत. तो तरुण डॉक्टर मान खाली घालून म्हणाला, "गुरुजी, पुढे न्या."

पुढे म्हणजे गोव्यात, बांबोळीला. गाडी मिळाली, गाडीत डॉक्टर होता, शिरेतून सलाईन चालू होते. बांदा मागे पडले. पत्रादेवीचा नाका यायच्या आत त्यांचे बोलणे थांबले. बांबोळीच्या डॉक्टरांनी तपासले आणि आमच्याकडे पाहून हात जोडले.

मी त्या रुग्णालयाचे नाव सांगणार नाही, कारण दोष त्या इमारतीचा नव्हता, त्या तरुणाचाही नव्हता. तरी पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. आठवड्याच्या आत आमच्याकडे दोन सभा झाल्या. एका पक्षाने सांगितले, आम्ही मोठे रुग्णालय मंजूर केले होते, यांनी अडवले. दुसऱ्या पक्षाने सांगितले, यांनी नुसते नारळ फोडले. एका सभेत डॉक्टरला निलंबित करा अशी घोषणा झाली आणि तिला टाळ्या पडल्या. भूलतज्ज्ञ हा शब्द दोन्ही सभांत कोणी उच्चारला नाही. त्या दिवसापासून हा वादच मला तपासून पाहावासा वाटू लागला.

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला. जिल्ह्याचे ठिकाण ओरोसला गेले आणि तेथे जिल्हा रुग्णालय उभे राहिले. परंतु दक्षिणेकडच्या तालुक्यांतला अत्यवस्थ रुग्ण आजवर बांबोळीकडेच धावत आला. ज्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तो जातो, त्याची परंपरा पोर्तुगीज अमदानीत १८४२ साली निघालेल्या वैद्यकीय विद्यालयापर्यंत पोचते. आमच्या कितीतरी माणसांचे प्राण तेथे वाचले आहेत, आणि हे ऋण मी या व्यासपीठावरून कृतज्ञतेने मान्य करतो.

१ जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने परराज्यांतील रुग्णांकडून शुल्क घेण्यास सुरुवात केली. आमच्याकडे संतापाची लाट उठली. मोर्चे निघाले, निवेदने गेली. पुढे महाराष्ट्राच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून या रुग्णांचा खर्च भागवण्याची वाट काढावी लागली. पण थोडे शांतपणे विचारा, गोव्याचे चुकले काय? तेथल्या करदात्याने आपल्यासाठी उभारलेल्या खाटांवर शेजारच्या राज्याने किती वर्षे निजावे? आपला राग खरे म्हणजे स्वतःवरच व्हावयास हवा होता.

त्याच २०१८ साली सावंतवाडीत मोठ्या बहुविध उपचारांच्या रुग्णालयाचे भूमिपूजन झाले आणि नंतर जागेच्या वादात ते काम वर्षानुवर्षे अडकून पडले. जागा कोणती, श्रेय कोणाचे, अडवले कोणी, यावर आमच्याकडे निवडणुका लढवल्या गेल्या. २०२१-२२ या शैक्षणिक वर्षी जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ही चांगली गोष्ट झाली, तिचे श्रेय ज्यांचे असेल त्यांना मी देतो. पण या साऱ्या वादाचे माप एकच राहिले: किती खाटा, किती मजले, किती कोटी.

माझे म्हणणे असे आहे, की हे मापच चुकीचे आहे. रुग्णालय मोजायचे ते खाटांनी नव्हे, रात्रीच्या तासांनी मोजायचे. रात्री दोन वाजता तेथे कोण जागे आहे, हा खरा प्रश्न. आमच्या मालवणीत लोक तो तीन शब्दांत विचारतात: "राती कोण आसा?"

हा हिशेब शाळेतल्या गणितासारखा सोपा आहे. आठवड्याचे तास १६८. एका माणसाने आठवड्याला ४८ तास काम केले, तर एक जागा अहोरात्र भरलेली ठेवण्यास साडेतीन माणसे लागतात. त्यात रजा, आजारपण, प्रशिक्षण आणि न्यायालयातल्या साक्षी धरल्या, तर चार माणसेही अपुरी पडतात. आता माझ्या शेजाऱ्याचे पोट उघडायला कोण कोण हवे होते ते पाहा. सर्जन, भूलतज्ज्ञ, दोन परिचारिका, रक्त जुळवून देणारा तंत्रज्ञ. यांपैकी प्रत्येक जागेच्या मागे चार माणसे उभी पाहिजेत. आणि मंजूर पद असते किती? अनेक ठिकाणी भूलतज्ज्ञाचे एक! ते भरले, तरी फार तर दिवस भरतो. रात्र रिकामीच राहते. म्हणून "सर्व पदे भरली" असे मंत्र्याने विधानसभेत सांगितले, तर ते खरे असूनही आपल्या उपयोगाचे नसते.

आणि पदे भरलेली तरी कोठे आहेत? महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेवरील महालेखापरीक्षकांचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळापुढे आला. सार्वजनिक आरोग्य विभागात डॉक्टरांची २२ टक्के आणि परिचारिकांची ३५ टक्के कमतरता त्यात नोंदली आहे. परिचारिकांचा आकडा मोठा आहे, हे ध्यानात घ्या. आपल्या सभांतून डॉक्टरचे नाव निघते. रात्रभर खाटेपाशी जी उभी असते तिचे नाव कोणी काढत नाही.

हा प्रश्न एकट्या कोकणाचा नाही. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले; त्यांत १२ नवजात बालके होती. तेव्हा राज्यभर गदारोळ झाला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पण एका खासदाराने काय केले, तर अधिष्ठात्याच्या हातात झाडू देऊन त्याच्याकडून स्वच्छतागृह साफ करून घेतले. स्वच्छतागृह घाण असेल तर ते साफ झालेच पाहिजे. तथापि, ते चित्र पाहून एखाद्या तरुण डॉक्टरला सरकारी नोकरीत यावेसे वाटेल काय, याचा विचार कोणी केला?

येथे कोणी म्हणेल, कायदा करा. कायदा आहे. अपघातग्रस्ताला कागदपत्रांच्या सबबीवर कोणत्याही डॉक्टरने परत पाठवू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सांगितले. बंगालमध्ये हकीम शेख नावाचा मजूर १९९२ साली गाडीतून पडला. डोक्याला मार, आणि एकामागून एक सरकारी रुग्णालये त्याला खाट नाही म्हणून परत पाठवीत राहिली. १९९६ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की वेळेवर उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचाच भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. हक्क आहे. पण त्या रात्री आमच्या खिशात तो निकाल असता, तरी त्या निकालाने भूल देता आली नसती.

मग डॉक्टर खेड्यात का येत नाहीत? ते पैशाचे लोभी आहेत, हे उत्तर सोपे आहे आणि अर्धेच खरे आहे. शासकीय महाविद्यालयातून शिकलेल्यांनी एक वर्ष सेवा द्यावी, असे बंधन आहे. ते असावेच. परंतु एकट्या भूलतज्ज्ञाला एका तालुक्यात नेमले म्हणजे त्याला वर्षाचे ३६५ दिवस आणि रात्री जागते ठेवणे होय. घर गळते, मुलांची शाळा दूर, आणि एखादा रुग्ण दगावला की जमाव अंगावर येतो. रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला, याची आपल्याला लाज वाटली पाहिजे. एकटा माणूस टिकत नाही; चौघे असले तर टिकतात.

आणि माणूस टिकला तर काय होते, याचे उदाहरण कोकणातच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेथे विंचूदंशाने माणसे, विशेषतः मुले, मरत असत. त्यांच्यापाशी मोठी यंत्रे नव्हती. ते रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसले, नाडी, रक्तदाब, श्वास टिपत राहिले, आणि पुढे प्रॅझोसिन या रक्तदाबावरच्या औषधाचा उपयोग त्यांनी विंचूदंशावर करून दाखवला. शंभरातले चाळीसजण दगावत, तेथे एखाददुसराच दगावू लागला. जगाने त्यांच्या कामाची दखल घेतली. या यशाच्या मुळाशी इमारत नव्हती. जागा असलेला माणूस होता.

आता मी एक अप्रिय गोष्ट बोलणार आहे, आणि माझ्या गावचे लोक ती ऐकून मला माफ करोत. प्रत्येक तालुक्याला सर्व उपचारांचे मोठे रुग्णालय, ही मागणी आपण सोडली पाहिजे. सिंधुदुर्गात आठ तालुके. आठ ठिकाणी एकेक भूलतज्ज्ञ विखरून ठेवला, तर आठही ठिकाणी रात्र अंधारी राहते. तेच आठजण दोन ठिकाणी चार-चार बसवले, तर दोन दिवे अखंड जळतात. बाकीच्या सहा ठिकाणी रक्तस्राव आवरणारा, श्वास चालू ठेवणारा, सर्पदंशावर लस देणारा डॉक्टर आणि परिचारिका अहोरात्र असावी, आणि दाराशी गाडी उभी असावी. राज्यात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, तिचा मोठा आधार झाला. पण गाडी कोणत्या दिव्याकडे जाणार, हे निघण्यापूर्वी ठाऊक पाहिजे. जेथे भूलतज्ज्ञ नाही अशा दारी थांबून आम्ही जो पाऊण तास घालवला, तो आम्हाला परत मिळाला नाही.

त्या दोन ठिकाणांत माझा तालुका नसेल, तरी मी ते मान्य करीन. "तुमच्या गावी होणार नाही, शेजारच्या गावी होईल, पण रात्री उघडे असेल," असे मतदाराला तोंडावर सांगणारा पुढारी मला पाहावयाचा आहे. आणि त्याला मत देणारा मतदारही पाहावयाचा आहे. कारण हे न बोलण्याचा भित्रेपणा पुढाऱ्यांना आपणच शिकवला.

तोवर आपल्याला एक काम करता येईल, आणि त्याला निधी लागत नाही. आपल्या जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या दारावर दर संध्याकाळी एक फळा लागावा, अशी मागणी करा. आज रात्री वैद्यकीय अधिकारी कोण, सर्जन कोण, भूलतज्ज्ञ कोण, परिचारिका किती. नाव नसेल तेथे "कोणी नाही" असे स्वच्छ लिहावे. तो फळा डॉक्टरला धरून मारण्यासाठी नव्हे. त्याचे छायाचित्र काढून आमदारापुढे, जिल्हा नियोजन समितीपुढे, ग्रामसभेपुढे ठेवावे आणि रिकाम्या ओळीचा जाब तेथे विचारावा.

माझ्या शेजाऱ्यांचा मुलगा आता स्वतः कलमावर चढतो. या वर्षीही चढला आहे. मी येथे यायला निघालो तेव्हा तो वरच होता. खाली त्याची आई उभी होती. तिने मला विचारले, "गुरुजी, पुण्या-मुंबईकडे जाऊन काय बोलणार?" मी म्हटले, "राती कोण आसा, तां विचारतलंय."