गोफण आणि सोन्याचा कण

श्रोतेहो, सोनाराच्या दुकानातली धूळ धुऊन सोने काढणारा झारेकरी तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. पाण्याबरोबर तो हलकी माती सांडून देतो. जड सोने तळाशी राहते. सोने पाण्याच्या १९ पट जड, वाळू अडीचपटीहून थोडी अधिक. मग अडचण कसली? अडचण ही, की सोन्याचा कण पिठासारखा बारीक असला तर तो फार सावकाश बुडतो आणि तळ गाठण्याआधीच वाहून जातो.

असले सोने धरायला जगातले कित्येक गरीब खाणकामगार पारा वापरतात. पारा सोन्याला धरतो. मग तो तापवून उडवायचा. ती वाफ छातीत जाते आणि मज्जातंतूंना इजा करते.

दुसरा उपाय आपल्या गोफणीत आहे बरे का! गोफण फिरवली की दगड हाताला कसा ओढ देतो? हीच केंद्रोत्सारी प्रेरणा. कॅनडात बायरन नेल्सन यांनी तिच्यावर एक यंत्र बसवले. आतून खाचा असलेले शंकूसारखे भांडे गरगर फिरते. कणांवरचा भार सुमारे ६० पट होतो. सोने खाचांत राहते, वाळू काठावरून निघून जाते. खाचा गच्च बसू नयेत म्हणून बारीक छिद्रांतून पाणी आत सोडतात.

यंत्राला इंजिन हवे, स्वच्छ पाणी हवे. ते सर्वांना परवडत नाही. पण पारा आवरण्याचा मिनामाता करार २०१३ साली झाला. तो पाळायचा, तर अशी साधने गरिबाच्या हाती पोचली पाहिजेत.

गुरुजनहो, वर्गात पाण्याची बादली फिरवून दाखवाल, तेव्हा एवढी गोष्ट मुलांना जरूर सांगा.