आधी फोन कुणाला? – संगणक आणि मातांचे आरोग्य
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



बुद्धिदात्याच्या मांडवात आज कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी चार शब्द बोलतो. मी डिप्लोमा झालेला रेल्वे इंजिनिअर. रुळांची देखभाल हे माझे काम. पण या विषयातला पेच आमच्या खात्यातलाच आहे. माणसे थोडी, काम फार. आधी जायचे कुठे?

प्रा. मिलिंद तांबे हे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात संगणकशास्त्राचे प्राध्यापक. पिलानीच्या बिट्समध्ये शिकून त्यांनी १९९१ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. लॉस एंजेलिस विमानतळावर पोलिसांनी तपासणी नाके कुठे, कधी लावावेत हे ठरवणारी प्रणाली त्यांच्या चमूने २००७ साली दिली. २०१९ मध्ये आपल्या बेंगळुरूत गूगलचे संशोधन केंद्र निघाले, आणि समाजोपयोगी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामाची धुरा त्यांनी तेथे सांभाळली.

मुंबईत डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ साली 'अरमान' ही संस्था स्थापन केली. तिची 'एममित्र' सेवा गरोदर स्त्रियांना व बाळंतिणींना फोनवर मोफत आरोग्यसंदेश ऐकवते. बाळ वर्षाचे होईपर्यंत. पण अनेकजणी मध्येच ऐकणे सोडतात. अशा वेळी कार्यकर्ती स्वतः फोन करून अडचण विचारते. मात्र असे फोन मोजकेच करता येतात.

तांबे यांच्या चमूने व 'अरमान'ने येथे संगणकाची मदत घेतली. पीटर व्हिटल या गणितज्ञाने १९८८ साली मांडलेल्या पद्धतीवर ही योजना उभी आहे. कोणाला फोन केल्याने सर्वाधिक फरक पडेल, याचा अंदाज संगणक दर आठवड्याला बांधतो. आमच्याकडेही खडी ठासल्यावर एक जागा महिनोन्‌महिने टिकते, दुसरी आठवड्यात पुन्हा बसते. गँग कुठे पाठवावी, हे ठरवताना तो फरक पाहावा लागतो.

२०२१ मध्ये सुमारे २३,००० स्त्रियांवर सात आठवडे चाचणी झाली. संगणकाने निवडलेल्या गटात संदेश ऐकणे सुटण्याचे प्रमाण इतर गटांच्या तुलनेत जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. २०२२ पासून 'सहेली' या नावाने ही प्रणाली प्रत्यक्ष वापरात आली आणि पहिल्या टप्प्यातच सुमारे एक लाख स्त्रियांपर्यंत पोहोचली.

मित्रहो, एक प्रश्न मात्र उरतो. जिला फोन करून फरक पडणार नाही असे यंत्र म्हणते, तिचे काय? कदाचित घरातला एकमेव फोन नवऱ्याच्या खिशात असेल, किंवा नंबरच बदलला असेल. तिची गरज काही कमी नसते. रुळाची जी जागा आज दुरुस्त होत नाही, ती आम्ही सोडून देत नाही. तेथे वेगमर्यादा लावतो, माणूस ठेवतो. यादीच्या तळाशी राहिलेल्या बाईसाठीही असा माणूस हवा.

तो माणूस आपणच होऊ या. आपल्या वसाहतीतील वॉचमनची पत्नी, बांधकामावरची मजूर स्त्री, गावाहून नुकतीच आलेली सहकाऱ्याची सून, यांपैकी कुणी गरोदर असेल तर आपल्या घरातील बायकांनी एवढेच विचारावे, "ताई, तपासणी झाली का?" उत्तर 'नाही' आले तर तिला जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात सोबत न्यावे. भाषा येत नाही म्हणून दारातूनच परतणाऱ्या बाईला ही सोबत मोलाची असते.

गणपती बाप्पा मोरया!