डिप्रेशनच्या गोळ्या आणि अर्धवट बातम्या

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला निवृत्तीनंतरच्या गुंतवणुकीवर बोलायला सांगितलं होतं. त्यावर मी यापूर्वी दोनदा बोललो आहे, आणि माझ्या बोलण्याने मुदत ठेवीचे व्याजदर काही वाढलेले नाहीत. म्हणून आज विषय बदलून घेतला.

जून 2020 मध्ये सुशांतसिंह राजपूत गेला. लॉकडाऊन होता, घरोघरी टीव्ही चालू. पुढे कित्येक आठवडे त्याचा आजार, त्याचे डॉक्टर, त्याची औषधं यांचा काथ्याकूट चालला होता. त्याच सुमारास मुरबाड तालुक्यातल्या एका गावातून माझ्या जुन्या खातेदाराचा फोन आला. मुलगा तेवीस वर्षांचा. सहा महिने डिप्रेशनच्या गोळ्या घेत होता आणि चांगला सावरला होता. टीव्हीवरचं ऐकून आईने गोळ्यांचं पाकीट चुलीत टाकलं. "साहेब, त्या गोळ्यांनीच माणूस जीव देतो म्हणतात." आठवड्याभरात मुलाला चक्कर, चिडचिड, झोप नाही. नंतर तो जेवणाच्या ताटावरही येईना. एसटी बंद, डॉक्टर कल्याणला. मी एवढंच सांगितलं, आधी डॉक्टरांना फोन लावा. औषध परत सुरू झालं, पण पोरगं कामाला लागायला दिवाळी उजाडली.

त्या माउलीला मी दोष देत नाही. तिच्यापर्यंत बातमी पोचली ती अर्धी. उरलेली अर्धी अशी आहे.

2004 साली अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीत इशारा छापायला लावला. लहान आणि किशोरवयीन मुलांवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा खरी गोळी घेणाऱ्या शंभरातल्या साधारण चौघांच्या मनात आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं दिसलं, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत दोघांच्या. त्या चाचण्यांत मृत्यू एकही झाला नव्हता. 2007 मध्ये हा इशारा 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. त्याच इशाऱ्यात असंही आहे की त्यापुढच्या वयात धोका वाढलेला दिसला नाही, आणि पासष्टीच्या पुढे, म्हणजे आपल्यासारख्यांत, तो कमी झालेला दिसला. शिवाय मूळ आजारातच जिवाला धोका असतो, हेही तिथे लिहिलं आहे.

म्हणजे त्या मुलाच्या वयाला इशारा लागू होताच. पण त्याचा अर्थ, सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलताना घरच्यांनी लक्ष ठेवावं, बेचैनी वाढली तर लगेच डॉक्टरांना कळवावं. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. आणि बंद करायची तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू. एकदम तोडली की चक्कर, अस्वस्थता हे होतं.

काही लोक म्हणतात, धोक्याचं छापूच नका, माणसं घाबरतात. हे मला मान्य नाही. जामीनदाराला अटी न वाचून दाखवता सही घेणं जसं गैर, तसंच हे. पण सगळ्या अटी वाचा ना! 'बँक बुडणार' एवढाच मेसेज फिरला तर सकाळी दारात रांग लागते, हे मी शाखेत बसून पाहिलं आहे. ठेव विम्याची ओळ त्या मेसेजात कधीच नसते.

आता दुसरी गोष्ट. ती माउली विचारणार कुणाला? गावात सांगितलं होतं, मुलाला पित्ताचं औषध चालू आहे. आपल्या शहापूर-मुरबाडकडे कुणी जरा वेगळं वागलं की "ह्याला ठाण्याला न्या" म्हणून हसतात. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 पासूनचं, म्हणजे ही थट्टाही बरीच जुनी. त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये आयपीएच संस्था सुरू केली. पण तिथे जाऊन आलो असं उघड सांगणारा आसनगाव लोकलच्या डब्यात मला अजून भेटायचा आहे.

बँकेत लागलो त्या दिवशी गोपनीयतेच्या कागदावर सही घेतली होती. खातेदाराची शिल्लक त्याच्या सख्ख्या भावालाही सांगायची नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार घेणाऱ्याला तसंच संरक्षण दिलं आहे. त्याच्या संमतीशिवाय त्याचा फोटो किंवा माहिती माध्यमांना देता येत नाही. 2019 मध्ये प्रेस कौन्सिलने आत्महत्येच्या बातम्यांसाठी नियम केले: ठळक जागी छापू नका, पद्धत सांगू नका, मथळा भडक करू नका. 18 जानेवारी 2021 ला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की वाहिन्यांनीही ते पाळावेत आणि गेलेल्या माणसाला दुबळ्या मनाचा म्हणून रंगवू नये. निकाल चांगला आहे. अंमलबजावणीबद्दल काय बोलावं! आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला तर यातलं काहीच लागू नाही, तिथे आपणच संपादक. कुणाच्या घरी कुठली गोळी चालू आहे ही चर्चा तिथे नको, एवढी माझी विनंती आहे.

सेक्रेटरीसाहेबांच्या परवानगीने आज नोटीस बोर्डावर एक नंबर लावला आहे, 14416. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा, 10 ऑक्टोबर 2022 पासूनची. फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. टाकी सफाईच्या वेळापत्रकाखाली पाहा. कागद छोटा आहे, चष्मा लावावा लागेल. कुणी उभं राहून नंबर उतरवून घेताना दिसलं तर मागून "काय हो, कुणासाठी?" असं विचारू नका.