लीजिंग ऑफिसातली मुलाखत

(सनीव्हेलमधल्या दिवाळी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मी पेशाने कॉम्प्युटर इंजिनिअर, आणि आज बोलणार आहे अपार्टमेंट भाड्याने देण्याच्या नोकरीबद्दल. माझा अधिकार एवढाच, की माझ्या बायकोने या नोकरीसाठी मुलाखत दिली आणि तिची तयारी जेवणाच्या टेबलावर मी करून घेतली.

एच-४ वर आलेल्या जोडीदाराला मे २०१५ पर्यंत इथे नोकरी करताच येत नव्हती. आता एच-१बी वाल्याचं आय-१४० मंजूर झालं असेल तर वर्क परमिट मिळू शकतं. आमचं मंजूर होईतो हिची पाच वर्षं घरात गेली. पुण्यात ही कॉलेजात शिकवायची. रेझ्युमेतला तो पाच वर्षांचा खड्डा कसा बुजवायचा, हा घरातला रोजचा विषय. अशात जवळच्या एका कॉम्प्लेक्समध्ये लीजिंग कन्सल्टंटची जागा निघाली. घरं दाखवायची, अर्ज घ्यायचे, कागदपत्रं पुरी करून घ्यायची. ब्रोकरच्या देखरेखीखाली नोकर म्हणून एवढं काम करायला कॅलिफोर्नियात लायसनही लागत नाही.

एक गोष्ट मधेच सांगतो, इथल्या बऱ्याच जणींच्या उपयोगाची आहे. २०१८ पासून कॅलिफोर्नियात उमेदवाराला आधीचा पगार विचारता येत नाही. "पाच वर्षं शून्य, त्याआधी रुपयांत" असलं उत्तर द्यायची वेळच येत नाही!

मला वाटलं होतं, मुलाखतीत विक्रीचेच प्रश्न येतील. तेही आले, पण खरी परीक्षा फेअर हाउसिंगची. १९६८ च्या केंद्रीय कायद्याने घर देताना वंश, वर्ण, धर्म, मूळ देश बघायला बंदी केली. पुढे त्यात लिंगाची भर पडली, आणि १९८८ साली अपंगत्व आणि पदरी मुलं असणं, या दोन गोष्टींची.

मी मॅनेजर होऊन विचारलं, "गिऱ्हाईक आलंय, बरोबर दोन लहान मुलं. कुठलं घर दाखवशील?"

"खालच्या मजल्यावरचं. जिन्यावरून पडली बिडली म्हणजे?"

आपल्यापैकी कोणीही हेच म्हणेल. आणि नेमकं हेच चालत नाही. मुलं आहेत म्हणून एखाद्या मजल्याकडे वळवणं, याला इथे स्टिअरिंग म्हणतात. रिकामी असतील ती सगळी घरं सांगायची, मजला त्यांनी निवडायचा. हे तिला पटायला दोन संध्याकाळी गेल्या.

दुसरा प्रश्न आपलाच. सनीव्हेलमध्ये घर शोधणारा देसी माणूस हमखास विचारतो, "इथे इंडियन फॅमिलीज किती आहेत?" पार्किंगमध्ये पाच मिनिटं उभं राहिलं तर कोणालाही कळेल. पण लीजिंगवालीने सांगायचं नाही. कारण तेच उत्तर वापरून दुसऱ्या कोणाला "तुम्हाला इथे करमणार नाही हो" असं गोड शब्दांत बाहेरची वाट दाखवता येते. अमेरिकेत काळ्या लोकांना ठराविक वस्त्यांबाहेर घर मिळू नये म्हणून जे जे झालं, त्यात हे गोड बोलणंही होतं. मुंबईत मांसाहारी म्हणून घर नाकारलं गेलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावायला नको.

शिवाय समोरचं गिऱ्हाईक टेस्टरही असू शकतं. बे एरियात प्रोजेक्ट सेंटिनेलसारख्या संस्था वेगवेगळ्या लोकांना पाठवून मिळालेली उत्तरं ताडून बघतात. शाळेचंही तसंच. सनीव्हेलमधली घरं क्युपर्टिनो, सनीव्हेल, सँटा क्लारा अशा वेगवेगळ्या डिस्ट्रिक्टमध्ये येतात. कुठली शाळा चांगली यावर आपलं मत द्यायचं नाही, पत्ता डिस्ट्रिक्टच्या साइटवर टाकून बघा म्हणायचं.

मुलाखतीत मॅनेजर बाईंनी तोच प्रश्न टाकला. वर म्हणाल्या, "समजा, विचारणारा तुमच्याच देशाचा आहे, तुमच्याच भाषेत विचारतोय."

ही म्हणाली, "मीही त्याच भाषेत बोलेन. उत्तर मात्र सगळ्यांना देते तेच."

नोकरी मिळाली.

पहिल्याच महिन्यात एक जोडपं आलं, बरोबर सासूबाई. हिचं आडनाव वाचून काकूंनी मराठी सुरू केलं. "काय गं, आपली माणसं आहेत ना इथे?"

"काकू, ते मला सांगता येत नाही. संध्याकाळी सातच्या सुमाराला येऊन एक चक्कर मारा ना."

काकू जरा रागावल्याच. पण आल्या, आणि कुकरच्या शिट्ट्या ऐकून गेल्या.

तर मंडळी, कोणाला अशा मुलाखतीचा सराव करायचा असेल तर चहाच्या वेळी भेटा. मॅनेजरची भूमिका मला आता बरी जमते.