हसणारे चित्र आणि मारणारे चित्र

(बोरी, ता. जिंतूर, जि. परभणी येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



निजामी राजवटीत ‘गश्ती निशाण 53’ या फर्मानाने जाहीर सभेसाठी सरकारची परवानगी सक्तीची केली होती. असली बंधने झुगारून आपल्या वाडवडिलांनी लढा दिला आणि 17 सप्टेंबर 1948 रोजी ती राजवट संपली. आज ज्याच्या हाती मोबाईल आहे, त्याला सभेसाठी मंडपही लागत नाही. त्याचे चित्र, त्याचे गाणे, त्याचा टोमणा क्षणात राज्यभर पोहोचतो. या स्वातंत्र्याचे सत्ता काय करते आणि आपण काय करतो, हा आजचा विषय आहे.

इंटरनेटवरील कलेला पोरखेळ समजण्याची सवय आपल्यातील काही ज्येष्ठांना आहे. परंतु अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांचे लाल बावटा कलापथक 1944 साली उभे राहिले, तेव्हा त्यांच्या डफ-तुणतुण्याकडे पाहूनही अभिजनांनी नाके मुरडलीच होती. सत्ताधाऱ्यांना मात्र त्या कलेचे मोल अचूक कळले. म्हणूनच त्यांनी तिच्यावर बंदी घातली. आजच्या सत्तेलाही ते कळते. असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराने राजमुद्रेतील सिंहांच्या जागी लांडगे काढले. 2011 मध्ये त्याचे संकेतस्थळ बंद पाडण्यात आले आणि सप्टेंबर 2012 मध्ये मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली त्याला अटक झाली. टिळकांना 1897 आणि 1908 साली ज्या 124 अ कलमाखाली शिक्षा झाली, तेच हे कलम. पुढे मार्च 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्वाळा दिला, की या चित्रांत विनोद नसेल, संताप असेल. परंतु हिंसेची चिथावणी नाही, म्हणून हा राजद्रोह नव्हे.

त्याच 2012 च्या नोव्हेंबरात पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एकीने फेसबुकवर प्रश्न विचारला होता आणि दुसरीने त्याला पसंती दिली होती. श्रेया सिंघल या तरुणीने त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि 24 मार्च 2015 रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 अ रद्द झाले. कलम गेले, वृत्ती गेली नाही. एप्रिल 2023 मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या रॅप गाणाऱ्या तरुणांवर राजकीय गाण्यांपायी गुन्हे नोंदवले गेले.

हे केवळ आपल्या विरोधकांचे पाप आहे, असे समाधान करून घेण्याचे कारण नाही. 2012 मध्ये काँग्रेस आणि राष्ट्रवादीचे सरकार होते. मे 2022 मध्ये शरद पवारांवरील एका फेसबुक मजकुरावरून अभिनेत्री केतकी चितळे महिन्याहून अधिक काळ कोठडीत राहिली, तेव्हा महाविकास आघाडीचे राज्य होते. तो मजकूर हीन अभिरुचीचा होता, हे मान्य. परंतु हीन अभिरुचीला तुरुंग हे उत्तर मानले, तर उद्या आपल्या शाहिराची अभिरुची फौजदार ठरवील. आपल्या नेत्याची टवाळी दिसताच पोलीस ठाण्याकडे धावणारा कार्यकर्ता विचारांची लढाई त्याच क्षणी हरलेला असतो.

आता दुसरे चित्र पाहा. 2018 मध्ये मोटारसायकलस्वार मूल पळवत असल्याची एक चित्रफीत देशभर फिरली. मूळ चित्रफीत कराचीत मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी तयार केलेली होती आणि तिच्या शेवटी मूल परत आणून सोडले जाते. कोणीतरी तो शेवट कापला. मुले वाचवण्यासाठी केलेली कलाकृती भीती पेरण्याचे साधन झाली. अशा अफवांच्या त्या दिवसांत, 1 जुलै 2018 रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. भिक्षेवर पोट भरणारे हे भटके लोक. त्यांचा गुन्हा एवढाच, की ते परके आणि गरीब दिसत होते. मारणारेही श्रीमंत नव्हते.

म्हणून चित्र पाहताना पहिला प्रश्न विचारावा: याचे बोट कोणाकडे आहे? व्यंग्य सिंहासनाकडे बोट दाखवते आणि आपले नाव लपवत नाही. अफवा दुबळ्याकडे बोट दाखवते आणि तिला बाप नसतो. आपल्या राज्यात मात्र पहिल्याच्या दारात पोलीस पोहोचतात, दुसरी बिनबोभाट फिरते.

हा केवळ नीतीचा नव्हे, मालकीचाही प्रश्न आहे. ज्या चव्हाट्यावर आपण भांडतो तो गावाचा नाही, मूठभर कंपन्यांचा आहे. माणूस जितका वेळ पडद्याला खिळून राहील तितकी जाहिरात खपते, आणि संताप माणसाला खिळवून ठेवतो. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांपुरताच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ती आधी घालणे अशक्य होते काय? पाच प्रेते पडेपर्यंत तिची निकड वाटली नाही, एवढेच.

मग आपण काय करावे? ज्या चित्रफितीचा कर्ता आणि काळ ठाऊक नाही, ती पुढे पाठवू नये. अफवा गावात आली तर मोबाईलवर वाद न घालता ज्यांच्यावर संशय आहे त्यांच्या पालांवर स्वतः जाऊन उभे राहावे. आणि व्यंगचित्रकारावर, गायकावर गुन्हा दाखल झाला, तर तो आपल्या बाजूचा आहे की नाही हे न पाहता त्याच्या जामिनासाठी वर्गणी काढावी. यातील शेवटचे काम सर्वांत अवघड आहे, कारण कधीतरी त्या चित्रात आपणच असू. त्या दिवशी आपण कसे वागतो, यावर आपल्या समाजवादाची परीक्षा होणार आहे.