साखर : सवय की व्यसन?

(वाशी येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



मद्य, तंबाखू व जुगार यांस आपण निःशंकपणे व्यसने म्हणतो. अति साखर खाणे हेही त्याच पंक्तीत बसवावे काय, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात उंदरांस रोज काही तास उपाशी ठेवून मग साखरेचे पाणी दिले. ते अधाशासारखे पिऊ लागले; पुढे अन्न व साखर दोन्ही तोडताच त्यांचे दात वाजू लागले, अंगास कंप सुटला. मनुष्याच्या बाबतीत मात्र असा निर्विवाद पुरावा नाही. म्हणूनच अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या विकारसूचीत जुगाराचे व्यसन आहे, साखरेचे नाही.

तेव्हा हा शब्द आम्ही जपूनच वापरू. परंतु शब्द टळल्याने धोका टळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचविले की, वरून घातलेली साखर दिवसाकाठी सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे सहा चमचे, याहून कमी असल्यास अधिक हितकर. दोन चमचे साखरेचा चहा चार वेळा घेतला की आठ चमचे झाले, जिलेबी निराळीच! भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. केवळ साखरेनेच मधुमेह होतो असे नव्हे. पण मधुमेह्यास ती सोसत नाही, हे कोण नाकारील?

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. मद्यप्याचा हात त्याचे आप्त धरतात. गोड खाणाऱ्यास मात्र आप्तच आग्रह करतात. "एक तरी घ्याच, आमची शपथ आहे," असे म्हणून मधुमेही काकांच्या पानात जिलेबी वाढणारे आपणच. रडणाऱ्या मुलास गोळी, उत्तीर्ण झालेल्यास पेढा, पाहुण्यास पुन्हा सरबत! ही ओढ मुलांस आपणच शिकवितो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ साली शाळांतून साखरेचे प्रमाण सांगणारे फलक लावण्यास सांगितले. पण घरच्या शिकवणीपुढे फलक काय करील?

संक्रांतीचा तिळगूळ वा होळीची पुरणपोळी सोडा, असे आमचे सांगणे नाही. सण सणासारखा व्हावा, रोजचा होऊ नये. आमची सूचना एवढीच की, पुढील संमेलनापासून पंगतीतील आग्रह बंद व्हावा, चहाची साखर निराळी ठेवावी आणि बालगोपाळांस खाऊऐवजी पुस्तके द्यावीत. पाहुण्याचे "पुरे" हे शब्द मानणे हेही आतिथ्यच होय.

कार्यकारिणीने यावर विचार करावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.